जुन्या ट्रकला नवा गिअरबॉक्स : बसवण्याआधी मोजा

आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी अनेकांकडे जुना ट्रक असतो. कापडाच्या गाठी, सुताच्या गोण्या, भंगार, लाकूड, फळे, असे काही ना काही वाहून तो घर चालवतो. इंजिन अजून दमदार असते, चेसिस मजबूत असते, पण गिअरबॉक्स दम सोडतो. अशा वेळी मिस्त्री सल्ला देतो, "शेठ, जुना खोलू नका. भंगार बाजारातून नव्या गाडीचा सिंक्रोमेश गिअरबॉक्स आणतो, दोन दिवसांत बसवून देतो." सल्ला चुकीचा नाही. हे काम होते आणि चांगलेही होते. पण "दोन दिवसांत" या शब्दांत जो धोका लपलेला आहे, तो या लेखात सांगायचा आहे. मी मिस्त्री नाही, कापडाचा व्यापारी आहे. परंतु या कामाची किंमत मी एकदा भरली आहे आणि त्यानंतर एका जाणत्या उस्तादापाशी बसून ते समजून घेतले आहे.

माझ्याकडे १९८८ सालचा टाटा १२१० ट्रक होता. मालेगावहून भिवंडीला कोऱ्या कापडाच्या गाठी आणि परतीला सूत, हा त्याचा नेहमीचा फेरा. २०११ साली त्याचा गिअरबॉक्स इतका झिजला की ड्रायव्हर प्रत्येक गिअरला दात-ओठ खाई. एका गॅरेजवाल्याने नव्या गाडीचा पाच गतींचा सिंक्रोमेश गिअरबॉक्स भंगारातून आणला. जुन्या बेल हाऊसिंगला नवीन भोके पाडली, बोल्ट कसले, आणि गाडी चालू झाली. गिअर लोण्यासारखा पडू लागला. ड्रायव्हर खूश, मीही खूश.

दोन महिन्यांनी भरल्या गाडीने कसारा घाट उतरताना तिसरा गिअर आपोआप उडाला. ड्रायव्हरने पुन्हा टाकण्याचा प्रयत्न केला, पण तोवर गाडीने वेग घेतला होता आणि गिअर पडेना. न्यूट्रलमध्ये गाडी, मागे गाठींचे ओझे, समोर वळण. केवळ ब्रेकवर त्याने गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला लावली. चारही ड्रममधून धूर निघत होता. क्लीनर मुलगा उडी मारण्याच्या बेतात होता, असे ड्रायव्हरने नंतर सांगितले. माणसे वाचली, माल वाचला. दुसऱ्या उस्तादाने गिअरबॉक्स उतरवून डायल गेज लावला, तेव्हा कळले की गिअरबॉक्सचे केंद्र इंजिनाच्या केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरहून जास्त सरकलेले होते. इतक्याच कारणासाठी दोन माणसे दरीत गेली असती.

प्रथम हे पाहा की दोष गिअरबॉक्सचाच आहे का

पुष्कळदा गिअरबॉक्सला विनाकारण दोषी धरले जाते. गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही कडकड आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाही, असे समजावे. क्लच प्लेट चिकटते, बोटे झिजलेली असतात किंवा पेडलची चाल कमी असते. अशा गाडीला कोणताही गिअरबॉक्स लावा, तो कडकडणारच. सगळेच गिअर कडकडत असतील तर संशय क्लचवर घ्यावा. एकच गिअर त्रास देत असेल तर गिअरबॉक्सवर.

दुसरी गोष्ट अशी की जुना कॉन्स्टंट मेश गिअरबॉक्स हा वाईट गिअरबॉक्स नव्हे. त्याला डबल क्लच करावा लागतो. म्हणजे गिअर काढताना एकदा क्लच, न्यूट्रलमध्ये क्लच सोडून उतारावरच्या गिअरसाठी थोडा ॲक्सिलरेटर, आणि पुन्हा क्लच दाबून गिअर. जुन्या ड्रायव्हरांच्या पायात हे भिनलेले असे. अमेरिकेतील मोठ्या ट्रेलरांवर ईटन-फुलर कंपनीचे सिंक्रोमेश नसलेले गिअरबॉक्स आजही चालतात आणि लाखो किलोमीटर टिकतात. तेव्हा जुन्याचे भाग मिळत असतील आणि ड्रायव्हर जाणता असेल तर दुरुस्तीच किफायतशीर पडते. भाग मिळत नसतील, किंवा नव्या पिढीचा ड्रायव्हर डबल क्लच जाणत नसेल, तर मात्र बदलाचा विचार रास्त आहे.

सिंक्रोमेश म्हणजे काय, तेही एका वाक्यात समजून घ्या. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी एसटीबरोबर धावतो, वेग जुळला की मग पाय ठेवतो. गिअरबॉक्समध्ये ही धाव पितळेची शंकूच्या आकाराची रिंग घेते. आधी घर्षणाने दोन्ही भागांचा वेग जुळवते आणि मग दात गुंततात. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत ही युक्ती प्रथम आली. आपल्या ट्रकांपर्यंत ती फार उशिरा पोहोचली. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डायमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले, १९६९ साली हे सहकार्य संपले, पण त्या घराण्याची इंजिने पुढेही अनेक वर्षे चालू राहिली. जुने मिस्त्री "६९२" आणि "६९७" म्हणतात त्याचा अर्थही सोपा आहे. पहिला ६ म्हणजे सहा सिलिंडर, आणि ९२ किंवा ९७ म्हणजे सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास. ही माहिती कामाची का, ते पुढे येईल.

बोल्ट बसला म्हणजे गिअरबॉक्स बसला असे नाही

या कामातील सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. बोल्टचे काम फक्त धरून ठेवणे. केंद्र जुळवण्याचे काम बोल्ट करत नाही; ते बेल हाऊसिंगमधले मधले गोल भोक करते. गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचे जे गोल झाकण असते, ते या भोकात घट्ट बसते आणि त्यामुळे क्लच शाफ्ट बरोबर क्रँकच्या मध्यावर येतो. माझ्या गाडीत नव्या गिअरबॉक्सचे झाकण लहान होते आणि जुन्या हाऊसिंगचे भोक मोठे. चारी बाजूंनी फट राहिली. मिस्त्रीने नजरेच्या अंदाजाने मध्य धरला आणि बोल्ट कसले. नजरेचा अंदाज कापडात चालतो, तोही जुन्या गिऱ्हाइकापाशी. इथे चालत नाही.

मोजमाप असे करतात. फ्लायव्हीलवर डायल गेज चुंबकाने बसवायचा, त्याची सुई हाऊसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवायची आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचे. सुईने दाखवलेला कमाल आणि किमान यांतला फरक ०.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. या फरकाच्या निम्मे म्हणजे केंद्र खरोखर जितके सरकले आहे तितके, अर्थात सुमारे ०.१२ मिलिमीटर. वहीचा साधा कागद ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. त्यानंतर सुई हाऊसिंगच्या सपाट तोंडावर टेकवून पुन्हा एक फेरा. तोंड वाकडे असेल तर गिअरबॉक्स किंचित मान वाकडी करून बसेल, आणि तेही तितकेच वाईट. डायल गेज काही फार महाग हत्यार नाही. ज्या गॅरेजात तो नाही, तिथे हे काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केंद्र सरकले की काय होते? क्लच शाफ्टचे पुढचे टोक क्रँकच्या पायलट बेअरिंगमध्ये फिरते आणि मागचे टोक गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये. दोन्ही एका रेषेत नसले तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात वाकडा ओढला जातो. आधी पायलट बेअरिंग ओरडू लागते, मग क्लच प्लेटचे मधले स्प्रिंग मोडतात, आणि शेवटी गिअरचे गुंतलेले दात प्रत्येक फेऱ्यात थोडे थोडे बाहेर ढकलले जातात. गाडी भरलेली असताना किंवा उतारावर इंजिनाने गाडी धरून ठेवलेली असताना गिअर उडतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. मिस्त्री मग गिअरचा काटा बदलतो, स्प्रिंग बदलतो, पैसे घेतो, आणि रोग तसाच राहतो.

दुसऱ्या उस्तादाने मला जे शिकवले ते हे की गिअरबॉक्स एकटा विकत घेऊ नये, त्याचे खानदान विकत घ्यावे. म्हणजे ज्या गाडीतून गिअरबॉक्स काढला, तिचेच बेल हाऊसिंग, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग व त्याचा काटा, गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर, आणि प्रोपेलर शाफ्टचा पुढचा तुकडा, हे सगळे एकत्र घ्यावे. इंजिन एकाच घराण्याचे असेल तर नव्या गाडीचे हाऊसिंग जुन्या इंजिनावर तसेच बसण्याची शक्यता असते. म्हणूनच वर ६९२ आणि ६९७ ची गोष्ट सांगितली. अर्थात बसले तरी डायल गेज लावायचाच. माझ्या गाडीला शेवटी असाच संच लावला. पूर्ण संच आणि मजुरी मिळून त्या वेळी चव्वेचाळीस हजार रुपये लागले. आधीच्या जुगाडात चौतीस हजार गेले होते. दहा हजार वाचवण्यासाठी मी चौतीस हजार वाया घालवले आणि ड्रायव्हरचा जीव टांगणीला लावला.

घराणे वेगळे असेल तर मध्ये ॲडॅप्टर प्लेट बनवावी लागते. ती लेथवर एकाच पकडीत खरादावी. म्हणजे एकदा चकमध्ये धरली की पुढचा गोल, मागचा गोल आणि दोन्ही तोंडे तिथेच पूर्ण करावीत. उलटी करून पुन्हा पकडली की केंद्र हलले म्हणून समजा. शिवाय प्लेट जितकी जाड, तितका क्लच शाफ्ट मागे सरकतो. वीस मिलिमीटरची प्लेट टाकली तर शाफ्टचे टोक पायलट बेअरिंगमधून वीस मिलिमीटर बाहेर येते आणि कधी कधी बेअरिंगला स्पर्शही करत नाही. गाडी तरीही चालते! काही दिवस. उलट शाफ्ट लांब निघाला तर तो क्रँकला मागून रेटत राहतो आणि इंजिनाचे थ्रस्ट वॉशर खाऊन टाकतो. म्हणून गिअरबॉक्स चढवण्याआधी शाफ्टची लांबी आणि भोकाची खोली, दोन्ही खडूने जमिनीवर लिहून ठेवावीत.

क्लच प्लेट निवडताना एक साधा नियम आहे. बाहेरचा व्यास इंजिनाचा, आतले दात गिअरबॉक्सचे. मिस्त्री कधी कधी जुन्या मोठ्या प्लेटचा मधला भाग कापून नव्या प्लेटचा भाग वेल्डिंग करून लावतात. हे कदापि होऊ देऊ नये. क्लच प्लेट मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे फिरते; जोड सुटला तर हाऊसिंग फोडून तुकडे केबिनमध्ये येतात. प्लेट फार जड असली तरी नुकसान आहे, कारण गिअर बदलताना तिला थांबवण्याचे काम त्या पितळी रिंगांना करावे लागते आणि त्या लवकर झिजतात.

चेंज व्हीलचा हिशेब

आता माझ्या आवडीचा भाग. मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना गिअर रेशो वेगळा समजावण्याची गरज नाही. सांच्यावर कापडाच्या इंचात किती पिक पडावेत हे चेंज व्हीलच्या दातांवर ठरते. एक चाक बदलले की कापडाची जात बदलते. सांचा तोच, मोटार तीच, सूत तेच. ट्रकचेही असेच आहे. गिअरबॉक्स बदलला की गाडीची जात बदलते, आणि ती कशी बदलेल हे आधी कागदावर मांडता येते.

ज्याचे आकडे पक्के माहीत आहेत असे एक उदाहरण घेऊ. जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ पासून १९५४ पर्यंत होता आणि शेवरलेचे ट्रक तिथे जोडले जात. आमच्या वडिलांच्या पिढीला ते चांगले आठवत. १९४७ ते १९५५ च्या बांधणीची एकटनी शेवरले आज अमेरिकेत शौकीन लोक जपून ठेवतात आणि तिला नवा गिअरबॉक्स लावणे हा तिथे एक मोठा उद्योग आहे. या गाडीत डिफरन्शियलचे प्रमाण ५.१४ असे. चार गतींच्या जुन्या एसएम-४२० गिअरबॉक्सचा पहिला गिअर ७.०५, आणि टॉप सरळ, म्हणजे १. त्याच्या जागी अनेकजण १९९२ साली आलेला एनव्ही-४५०० लावतात. त्याचा पहिला गिअर ५.६१ आणि पाचवा ०.७३. एकपेक्षा कमी प्रमाणाच्या या गिअरला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. यात इंजिनापेक्षा प्रोपेलर शाफ्ट जास्त फिरतो.

चाकाचा घेर अडीच मीटर धरा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे ४०० फेरे. जुन्या टॉपमध्ये इंजिनाचे फेरे होतात ४०० गुणिले ५.१४, अर्थात सुमारे २०५५. नव्या पाचव्या गिअरमध्ये तेच होतात १५००. ताशी ८० ला जुने २७४०, नवे २०००. जुन्या इंजिनाला हा मोठा आराम आहे. त्या शेवरले इंजिनांत १९५३ पर्यंत कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना तेल शिंतोड्यांनी मिळे, दाबाने नव्हे. अशा इंजिनाला तासन् तास जास्त फेऱ्यांवर पळवणे म्हणजे त्याला मारणे.

पण जमाखर्चाची दुसरी बाजूही पाहा. पहिल्या गिअरची एकूण ओढ जुन्यात ७.०५ गुणिले ५.१४, म्हणजे ३६.२. नव्यात ५.६१ गुणिले ५.१४, म्हणजे २८.८. पाचवा हिस्सा ओढ गेली. रिकाम्या गाडीला कळणारही नाही. भरल्या गाडीला चढावर उभ्या जागेवरून उचलताना मात्र क्लच जळण्याचा वास येईल. आता कोणी हौसेने डिफरन्शियलही बदलून ४.११ चे टाकले, तर ही ओढ २३ वर येते, एक तृतीयांशाहून जास्त गेली. आणि पाचव्या गिअरमध्ये ६० च्या वेगाला इंजिन जेमतेम १२०० फेऱ्यांवर येऊन धापा टाकते. म्हणून ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स लावला तर डिफरन्शियल तसेच राहू द्यावे. दोन्ही बदलणे म्हणजे एकाच मापाला दोनदा कात्री लावणे.

तुमच्या गाडीचे आकडे पुस्तकात सापडत नसतील तर ते हातानेही निघतात. गिअरबॉक्स जमिनीवर ठेवा, गिअर टाका, मागच्या फ्लँजवर खडूची खूण करा. क्लच शाफ्ट फिरवत फ्लँजचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत मोजा. साडेसात फेरे लागले तर प्रमाण साडेसात. डिफरन्शियलसाठी सपाट जागी बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, मागचे एकाच बाजूचे चाक जॅकवर उचलून जॅकखाली नव्हे तर हाऊसिंगखाली भक्कम घोडी द्या, आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. उचललेले चाक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा, तेच प्रमाण. दोन फेरे अशासाठी की दुसऱ्या बाजूचे चाक जमिनीवर थांबलेले असते. भंगार बाजारात "अमुक गाडीचाच आहे" असे शपथेवर सांगितले जाते, तिथे खडू आणि बोटे जास्त विश्वासाची.

गिअरबॉक्स इंजिनाचा जोर पेलेल का, हाही प्रश्न आहे. कधी कधी नावातच उत्तर असते. अशोक लेलँडच्या अनेक गाड्यांवर आलेला झेडएफ कंपनीचा एस ६-३६ घ्या. एस म्हणजे सिंक्रोमेश, ६ म्हणजे पुढच्या गती, आणि ३६ म्हणजे साधारणपणे तो पेलू शकेल तो टॉर्क, किलोग्रॅम-मीटरमध्ये. जुन्या इंजिनाला नवा गिअरबॉक्स बहुधा भारीच पडतो. हलका मात्र कधी लावू नये, टेम्पोचा गिअरबॉक्स ट्रकला तर नाहीच.

चेसिस, शाफ्ट आणि ब्रेक

नवा गिअरबॉक्स बहुधा लांब असतो आणि मागून त्याला आधार लागतो. हा क्रॉस मेंबर चेसिसच्या उभ्या भागाला बोल्टने लावावा. चेसिसच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला भोक पाडू नये आणि वेल्डिंग तर मुळीच करू नये, कारण सगळा ताण त्या पट्ट्या घेतात आणि तडा तिथूनच सुरू होतो.

गिअरबॉक्स जितका लांब, तितका प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागतो. कापून जोडल्यावर तो बॅलन्स करून घ्यावा आणि दोन्ही टोकांचे जॉइंट एकाच दिशेत आहेत का ते पाहावे. एक दात इकडेतिकडे बसला तरी गाडी ठरावीक वेगाला थरथरते आणि लोक टायरवाल्याशी भांडत बसतात. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम गिअरबॉक्सच्या मागेच असतो. तो गिअरबॉक्स काढला की हँडब्रेकही गेला! त्याची दुसरी सोय केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. स्पीडोमीटरची केबल हीदेखील शेवटी आठवणारी वस्तू आहे.

ब्रेकबद्दल थोडे अधिक. नव्या गिअरबॉक्समुळे गाडी सहज ८० ने पळू लागते, पण ब्रेक त्याच जुन्या काळचे असतात. ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन गाडीला फारसे धरत नाही, म्हणून घाट उतरताना पाचवा गिअर ठेवणे म्हणजे जवळजवळ न्यूट्रलमध्येच उतरणे होय. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, हे जुन्या ड्रायव्हरांचे सांगणे नव्या गिअरबॉक्सलाही लागू आहे. डबल क्लच न येणाऱ्या ड्रायव्हरला सिंक्रोमेश मिळाला की तो घाटाच्या मध्यावर गिअर उतरवू पाहतो. वेग जास्त असेल तर पितळी रिंगही हात टेकते. गिअर घाटाच्या तोंडाशीच उतरवावा.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा फेरबदल गाडीत करता येत नाही. इंजिन बदलणे हा सरळ परवानगीचा विषय आहे. गिअरबॉक्स इंजिनासारखा नंबराने नोंदला जात नाही, म्हणून पुष्कळजण काही विचारत नाहीत. माझा सल्ला असा की आरटीओला लेखी विचारावे, विमा कंपनीलाही कळवावे, आणि दोन्ही पत्रांची पोच जपून ठेवावी. फिटनेस तपासणीसाठी आणि पुढे दाव्याच्या वेळीही ती उपयोगी पडते. पंधरा वर्षांवरील व्यापारी गाड्यांच्या फिटनेसची फी एप्रिल २०२२ पासून बरीच वाढलेली आहे. तेव्हा गाडी आणखी किती वर्षे ठेवायची हे ठरवल्यावरच गिअरबॉक्सवर खर्च करावा. दोन वर्षांत भंगारात देणार असाल तर जुनाच गिअरबॉक्स दुरुस्त करून वेळ काढलेला बरा.

आमच्या मिस्त्री बंधूंना एक विनंती आहे. गिऱ्हाइकाची गाडी ही अमानत असते. डायल गेजचे आकडे बिलाच्या मागे लिहून द्यावेत. भोकाचा फरक इतका, तोंडाचा फरक इतका, शाफ्ट पायलटमध्ये इतका आत. असे बिल देणाऱ्याने दोन हजार जास्त मागितले तरी मी त्याच्याचकडे जाईन.

तेलाच्या बाबतीत नव्या गिअरबॉक्सच्या पाटीवर जे लिहिले असेल तेच घालावे. पितळी रिंगांच्या गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियलचे जीएल-५ तेल घालण्याची सवय सोडावी, कारण त्यातील गंधकाची काही द्रव्ये पितळ खातात. ज्या गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितले आहे त्याला जीएल-४ च. पहिले तेल पाचशे किलोमीटरवर पांढऱ्या कोऱ्या कापडातून गाळून काढावे. ड्रेन नटाच्या चुंबकाला बारीक काळी पूड दिसली तर काळजीचे कारण नाही. लोखंडाच्या चकत्या दिसल्या तर बेअरिंग किंवा दात बोलत आहेत. कापडावर पिवळी चमक राहिली तर ती सिंक्रोमेशच्या रिंगांची आहे, आणि तेव्हा आधी क्लच पूर्ण सुटतो का तेच पुन्हा तपासावे. माझ्या ट्रकचे तेल त्या उस्तादाने आमच्याच दुकानातल्या मांजरपाटाच्या तुकड्यातून गाळले होते. तुकडा स्वच्छ निघाला. पुढे २०१८ साली ट्रक विकेपर्यंत त्या गिअरबॉक्सला पुन्हा हात लावावा लागला नाही.